शेऱ्याचा रकाना

सारीकोस्कीची कागदगिरणी बंद पडून दोन हिवाळे झाले.
रूळ आहेत, भोंगा आहे, कागद नाही.
उरल्या त्या एकसष्ट हार्ड डिस्क
आणि त्या पुसायला आलेली इंकेरी,
थर्मासभर कॉफी घेऊन,
बोटं उघडी ठेवणारे हातमोजे घालून,
वजनकाट्याच्या जुन्या खोलीत.

करार दोन ओळींचा.
पगाराच्या नोंदी शोधून बाजूला काढा, पेन्शनीला लागतात.
बाकी काही उरता कामा नये.

काळ्या पडद्यावर चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत.
एक रेघ लुकलुकते, म्हणते, बोल.
फाइंडला सगळं सांगावं लागतं :
कुठून सुरुवात, काय नाव, किती वर्षांपूर्वीचं.
ग्रेपला नुसता शब्द पुरतो.
तांदूळ निवडावेत तसा तो ओळी निवडतो,
फक्त खडे ठेवतो
आणि तांदूळ टाकून देतो.

सदतिसाव्या डिस्कवर पगाराऐवजी
रात्रपाळीची नोंदवही निघाली.
ताउनो हिएताला, फाटकावरचा पहारेकरी,
चौऱ्याण्णव ते दोन हजार अकरा.
लॉरी आली. लॉरी गेली. उणे एकतीस.
कुंपणाचा दिवा गेला.
आणि मध्येच, एकटाच शब्द : हिर्वी.

हिर्वी म्हणजे त्यांच्याकडचं घोड्याहून उंच हरीण.
आपल्या कानाला रंगच ऐकू येतो,
आणि तिकडे नोव्हेंबरात, पाइन सोडले,
तर त्या रंगाचं काही शिल्लक नसतं.
त्यांच्या भाषेत तो नाही, ती नाही.
मराठीत आली म्हणून तिला ‘ती’ व्हावं लागलं.

इंकेरीनं तो शब्द ग्रेपला दिला.
खरं तर तिचं ते काम नव्हतं.
एक्केचाळीस ओळी.

०३:४० हिर्वी. फाटकापाशी. एकटी.
०२:१५ हिर्वी. बर्फ पोटापर्यंत. तिला घाई नाही.
०४:०५ हिर्वी. मी दिवा विझवला, बरं दिसावं म्हणून.
०३:३० हिर्वी आली नाही.
०३:३० हिर्वी आली नाही.

शोधाला काय, शब्द जुळला की झालं.
आली आणि आली नाही
त्याच्या लेखी एकच.
एक्केचाळिसातल्या शेवटच्या तेरा
सगळ्या ‘नाही’च्या होत्या,
तरी त्यानं इमानानं आणून दिल्या.

मग तिनं डिस्क उतरवली.
एसडीए तिची स्वतःची, एसडीबी गिरणीची.
एका अक्षराची चूक, आणि होत्याचं नव्हतं.
तिनं ते अक्षर दोनदा मोठ्यानं वाचलं,
खोलीत कुणी नसताना.
श्रेड विचारत नाही, नक्की ना म्हणून.
तीन वेळा वाटेल तो कचरा ओततो,
वरून शून्यांनी सारवतो.

पहिला फेरा, नऊ टक्के.
पहिला फेरा, अकरा टक्के.
कॉफी गार झाली.
काट्यावर उभी राहून तिनं स्वतःचं वजन पाहिलं :
लॉरीचा काटा. शून्य दाखवत होता.

पहाटे काम संपलं तेव्हा
यंत्र काही बोललं नाही.
काम फत्ते झालं की ते गप्पच राहतं,
बिनसलं तरच तोंड उघडतं.
तिनं त्या कोऱ्या डिस्कला
पुन्हा एकदा तोच शब्द विचारला.
बराच वेळ रेघही लुकलुकली नाही.
मग नुसतीच लुकलुकली.

दाखल्यावर तिनं लिहिलं : अनुक्रमांक सदतीस,
फेरे तीन अधिक एक, शिल्लक काही नाही.
सही. तारीख.
शेऱ्याचा रकाना सहसा रिकामाच सोडतात.
तिनं खिडकीची काच कोपरानं पुसली,
फाटकाकडे पाहिलं,
आणि बॉलपेननं, बारीक अक्षरात :
०३:५० आली नाही.

ऑफिसात कुणी विचारलंच
तर सांगेल,
डिस्कचा नंबर आहे.